ऑल्टन कसे पाहावे: क्लार्क पूल आणि त्याच्या नावामागचा प्रवासी

सेंट लुईस परिसरात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे पहिल्या महिन्यात गेटवे आर्च पाहतात, भारतातून आईवडील आले की त्यांनाही तोच दाखवतात आणि मग शनिवार-रविवारी कुठे जायचे असा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्यांच्यासाठी, तसेच शिकागोहून रेल्वेने दोन दिवसांची सहल आखणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सेंट लुईसच्या उत्तरेला मोटारीने साधारण अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, मिसिसिपीच्या पूर्व काठावर, इलिनॉय राज्यात ऑल्टन हे जुने गाव आहे. १८१८ मध्ये रूफस ईस्टन या जमीनमालकाने ते आखले आणि त्याला आपल्या मुलाचे नाव दिले. गावाची दुरून पटणारी ओळख म्हणजे पिवळ्या तारांचा क्लार्क पूल. विल्यम क्लार्क या ज्या शोधप्रवाशाचे नाव या पुलाला आहे, त्याची मोहीम याच नदीकाठावरून निघाली होती.

बहुतेक पाहुणे थेट पुलावरून गावात शिरतात, छायाचित्रे काढतात, जुन्या वस्तूंची दुकाने पाहतात आणि परततात. माझा आग्रह वेगळा आहे. नदीच्या उलट्या दिशेने, म्हणजे खालून वर, क्लार्कच्या तळापासून पुलापर्यंत यावे आणि नंतर गावात शिरावे. असे केल्याने पुलावरच्या नावाला अर्थ येतो. त्या नावात न मावणारी गोष्टही गावातल्या दफनभूमीत पोहोचेपर्यंत आपोआप उलगडते.

जाण्याची आखणी

स्वतःची किंवा भाड्याची मोटार असणे सर्वांत सोयीचे, कारण पाहण्यासारख्या जागा नदीकाठाने लांबवर पसरल्या आहेत आणि त्यांना एकत्र जोडणारी बस मिळणे कठीण. शिकागोहून येणाऱ्यांना सेंट लुईसकडे जाणारी ॲमट्रॅकची गाडी ऑल्टनला थांबते हे सोयीचे आहे, परंतु २०१७ मध्ये सुरू झालेले नवे स्थानक नदीकाठच्या जुन्या बाजारपेठेपासून दूर आहे, त्यामुळे उतरल्यावर टॅक्सी लागेल हे गृहीत धरावे. संग्रहालयांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात आणि आठवड्याच्या सुरुवातीच्या दिवसांत काही जागा बंद असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणची वेळ तपासून घ्यावी. ओळखपत्र जवळ असू द्यावे, कारण जलपाशांचा (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदांचा) भाग सरकारी अखत्यारीत येतो.

सेंट लुईसहून निघताना आंतरराज्य महामार्ग २७० ने पूर्वेकडे मिसिसिपी ओलांडावी आणि लगेच इलिनॉय राज्यमार्ग ३ ने उत्तरेकडे वळावे. पहिला मुक्काम हार्टफर्ड.

हार्टफर्ड: जिथे क्लार्कने हिवाळा काढला

हार्टफर्ड येथे लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचे राज्य स्मारकस्थळ आहे. इथे किमान दीड तास द्यावा.

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना हा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला. मिझुरी नदीने वर चढत तो प्रदेश पाहून पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचण्याची कामगिरी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आपले खासगी सचिव मेरिवेदर लुईस यांच्यावर सोपवली. लुईसने बरोबरीचा नेता म्हणून विल्यम क्लार्कला बोलावले. क्लार्क व्हर्जिनियात १ ऑगस्ट १७७० रोजी जन्मलेला आणि लष्करात लुईसचा एकेकाळचा वरिष्ठ होता. लुईसने त्याला कॅप्टनच्या हुद्द्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात सरकारने त्याला सेकंड लेफ्टनंटच केले. दोघांनी ही गोष्ट सैनिकांपासून लपवली आणि संपूर्ण प्रवासात क्लार्क कॅप्टन म्हणूनच वावरला. कागदोपत्री तो हुद्दा त्याला मिळाला २००१ मध्ये, मृत्यूनंतर १६० हून अधिक वर्षांनी.

डिसेंबर १८०३ मध्ये क्लार्क माणसांना घेऊन इथे उतरला, तेव्हा मिझुरीचे मुख समोरच होते. तरीही ते लगेच पुढे गेले नाहीत, याचे कारण बरेच पाहुणे विचारतात. थंडी हे एक कारण होतेच. परंतु करार झाला असला तरी सेंट लुईसमध्ये अजून फ्रान्सच्या आधीच्या मालकांच्या, म्हणजे स्पॅनिश अधिकाऱ्यांचाच अंमल होता आणि प्रदेशाचे रीतसर हस्तांतर होईपर्यंत त्यांनी मोहिमेला मिझुरीत शिरू दिले नाही. म्हणून तळ पडला तो पूर्वेकडच्या, म्हणजे निर्विवाद अमेरिकन काठावर. मार्च १८०४ मध्ये सेंट लुईसमध्ये झेंडे बदलले आणि १४ मे १८०४ रोजी होड्या निघाल्या. त्या दरम्यानच्या पाच महिन्यांत लुईस बराच काळ सेंट लुईसमध्ये सामान आणि माहिती गोळा करत होता, तर तळावरची शिस्त, कवायत, नेमबाजीचा सराव, होडीतले फेरफार आणि दारू पिऊन होणारी भांडणे मिटवणे हे सारे क्लार्ककडे होते.

संग्रहालयातली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे मोहिमेच्या ५५ फूट लांबीच्या मोठ्या होडीची पूर्णाकृती प्रतिकृती. तिची एक बाजू उघडी ठेवली आहे, त्यामुळे पिंपे, पेट्या, गाठोडी कशी रचली होती ते आतपर्यंत दिसते. तिथे घाई करू नये. औषधे, बंदुकीची दारू, मूळ रहिवाशांना भेट देण्यासाठी मणी आणि आरसे, आटवून घट्ट केलेल्या सुपाचे डबे, हे सगळे कोणत्या क्रमाने लागेल याचा विचार करून भरलेले आहे. होडीची ही रचना पाहिल्यावर पुढची सव्वादोन वर्षे आणि सुमारे ८,००० मैलांचा येण्याजाण्याचा प्रवास कसा निभावला असेल याचा अंदाज येतो. बाहेर लाकडी ओंडक्यांचा तळही नव्याने उभारलेला आहे. मूळ तळाची नेमकी जागा मात्र पाहता येत नाही, कारण दोनशे वर्षांत नदीने आपला प्रवाह बदलला आणि ती जागा तिने पोटात घेतली.

जवळच १८० फूट उंचीचा संगम मनोरा आहे. त्याला ५०, १०० आणि १५० फुटांवर सज्जे आहेत आणि प्रवेशाला शुल्क लागते. वरून मिझुरीचे गढूळ पाणी मिसिसिपीत मिसळताना दिसते. पाणी चढलेले असेल तेव्हा दोन रंगांची सीमारेषा बरेच अंतर वेगळी राहते. क्लार्क मोहिमेचा नकाशाकार होता. या मुखापासून पॅसिफिकपर्यंतचे अंतर त्याने होकायंत्र आणि नजरेच्या अंदाजावर ४,१६२ मैल मोजले आणि तो आकडा आधुनिक मोजणीच्या आश्चर्य वाटावे इतका जवळ निघाला. मनोऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहताना हा आकडा आठवावा.

जलपाश आणि नद्यांचे संग्रहालय

हार्टफर्डहून उत्तरेकडे निघून बंधाऱ्यालगतच्या राज्यमार्ग १४३ ला लागले की ईस्ट ऑल्टनमध्ये मेल्व्हिन प्राइस जलपाश व धरण आणि त्याला लागून असलेले राष्ट्रीय महानदी संग्रहालय येते. प्रवेश विनामूल्य आहे. मुलांना बरोबर नेले असेल तर दिवसातला सर्वांत रमणारा तास इथेच जाईल. धरणावर नेणारी मार्गदर्शित फेरी चालू असेल तर ती चुकवू नये.

फेरीत एखादा मालवाहू तांडा जलपाशात शिरताना दिसला तर शेवटपर्यंत थांबून पाहावे. मिसिसिपीवर धान्य आणि कोळसा वाहणारे सपाट तराफे प्रत्येकी १९५ फूट लांब आणि ३५ फूट रुंद असतात. तीन रांगांत पाच-पाच असे पंधरा तराफे पोलादी दोरांनी बांधून मागून एक बोट त्यांना ढकलते. म्हणजे रुंदी झाली १०५ फूट, आणि मुख्य जलपाशाची रुंदी आहे ११० फूट. दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच-अडीच फूट मोकळे ठेवून जवळजवळ हजार फूट लांबीचा तो तांडा ब्रेक नसलेल्या पाण्यावरून आत सरकतो, पुढच्या टोकाला उभा असलेला खलाशी वायरलेसवरून अंतर सांगत राहतो आणि कप्तान मागच्या टोकाला बसून ऐकून चालवतो. ऑल्टनच्या जुन्या जलपाशाची लांबी फक्त ६०० फूट होती, त्यामुळे प्रत्येक तांडा तोडून दोन खेपांत न्यावा लागे आणि मागे रांग लागे. नव्याची लांबी १,२०० फूट ठेवली ती यासाठीच.

पूल

येथून काही मिनिटांत क्लार्क पूल समोर येतो. त्यावर गाडी घालण्याआधी ऑल्टनच्या नदीकाठच्या बागेत थांबून तो बाजूने पाहावा. वांद्रे-वरळी सागरी सेतू पाहिलेल्यांना तारांनी तोललेल्या पुलाची ही पद्धत ओळखीची वाटेल, पण इथला बारकावा निराळा आहे. दोन मनोऱ्यांपैकी प्रत्येकात रस्त्याच्या मधोमध उभा असा एकच खांब आहे आणि त्याच्या माथ्यावरून उतरणाऱ्या तारा रस्त्याच्या दोन्ही कडांना जाऊन भिडतात. त्यामुळे पुलावरून जाताना आपण पिवळ्या तारांच्या तंबूतून चाललो आहोत असे वाटते. पुलाची एकूण लांबी ४,६२० फूट आणि मधला गाळा ७५६ फूट आहे. पूल जानेवारी १९९४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याआधी इथे १९२८ चा, त्याच नावाचा, दोनच अरुंद पदरांचा पोलादी पूल होता.

पुलावर वाहनांपासून कठड्याने वेगळा केलेला पादचारी मार्ग नाही, म्हणून चालत जाण्याचा मोह टाळावा. गाडीने पलीकडे वेस्ट ऑल्टनपर्यंत जाऊन परत यावे. पलीकडचा काठ मिझुरी राज्यात आहे. तोच रस्ता पुढे दक्षिणेला गेला की मिझुरी नदीवर लुईस पूल लागतो. मोहिमेतल्या दोन्ही सोबत्यांची नावे अशी एकाच रस्त्यावर, दोन नद्यांवर दिली आहेत. परतताना सेंट लुईसला याच रस्त्याने जावे म्हणजे दोन्ही पूल ओलांडून होतात.

आता त्या पुलावरच्या नावाची दुसरी बाजू. मोहिमेबरोबर यॉर्क नावाचा कृष्णवर्णीय माणूस होता. तो क्लार्कचा लहानपणापासूनचा गुलाम. त्याने इतरांइतकेच वल्हवले, शिकार केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि नोव्हेंबर १८०५ मध्ये पॅसिफिकच्या काठावर हिवाळी तळ कुठे टाकायचा यावर प्रत्येकाचे मत घेतले गेले तेव्हा त्याचेही मत नोंदवले गेले. परतल्यावर सैनिकांना दुप्पट पगार आणि जमिनी मिळाल्या. यॉर्कला काहीच मिळाले नाही. त्याने स्वातंत्र्य मागितले, निदान केंटकीत बायकोजवळ राहू द्यावे अशी विनवणी केली, तेव्हा क्लार्कने नकार दिला आणि त्याला मारहाणही केली. हे आपल्याला क्लार्कने स्वतःच्या भावाला लिहिलेल्या पत्रांतून कळते. यॉर्कला मुक्ती मिळाली ती बऱ्याच वर्षांनी. पुढे क्लार्क मिझुरी प्रदेशाचा गव्हर्नर झाला आणि १८२२ पासून मृत्यूपर्यंत सेंट लुईसमध्ये मूळ रहिवाशांच्या व्यवहारांचा सरकारी अधीक्षक होता. अनेक जमातींनी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि त्याच्याच सह्यांच्या करारांनी त्यांच्या जमिनी गेल्या. १८०८ च्या एकाच कराराने ओसेज लोकांना आजच्या मिझुरी राज्याचा बहुतेक भाग सोडावा लागला. काठावरच्या माहितीफलकांवर मोहिमेचा गौरव भरपूर आहे, हा भाग मात्र आपला आपणच बरोबर न्यावा लागतो.

गावात: चढ, स्मारके आणि एक छापखाना

दुपारचे जेवण बागेत किंवा ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावर उरकून घ्यावे. काटेकोर शाकाहारी पाहुणे बरोबर असतील तर घरून पोळीभाजीचा डबा आणणे शहाणपणाचे. गाव उंच कड्यावर चढत गेले आहे, काही रस्ते विटांचे आणि बरेच तीव्र चढाचे आहेत. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना चालवत नेण्याऐवजी प्रत्येक ठिकाणापर्यंत गाडी न्यावी.

ब्रॉडवेजवळच्या लिंकन-डग्लस चौकापासून सुरुवात करावी. १५ ऑक्टोबर १८५८ रोजी अब्राहम लिंकन आणि त्यांचे निवडणुकीतले प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांच्यातला सातवा आणि शेवटचा जाहीर वाद इथे झाला. दोघांचे पुतळे जमिनीच्या पातळीवर असल्याने मुले त्यांच्या शेजारी उभी राहून उंची मोजतात. डग्लस फारच बुटका निघतो. येथून जवळ विल्यम स्ट्रीटवर राज्यातल्या पहिल्या तुरुंगाच्या दगडी भिंतीचा एक तुकडा शिल्लक आहे. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ ते १८६५ या काळात, तिथे दक्षिणेकडचे युद्धकैदी ठेवले होते आणि देवीच्या साथीत त्यांतले शेकडो मेले. भिंत पाहायला पाच मिनिटे पुरतात.

जास्त वेळ राखून ठेवावा तो दफनभूमीसाठी. तिथल्या ११० फूट उंच स्तंभावर पंख पसरलेली विजयाची मूर्ती आहे. १८९७ मध्ये उभारलेले हे स्मारक एलायजा लव्हजॉय या गुलामगिरीविरोधी पाद्री-संपादकाचे आहे. लव्हजॉय आधी सेंट लुईसमध्ये, म्हणजे क्लार्क राहत होता त्याच गावात, वृत्तपत्र चालवत असे. १८३६ मध्ये तिथल्या जमावाने फ्रान्सिस मॅकिन्टॉश या कृष्णवर्णीय माणसाला जिवंत जाळले, त्यावर लव्हजॉयने कडक लिहिले आणि त्याचा छापखाना मोडण्यात आला. तेव्हा तो नदी ओलांडून ऑल्टनला आला. मिझुरी हे गुलामगिरीचे राज्य आणि इलिनॉय कागदोपत्री तरी मुक्त राज्य, एवढाच त्या नदीचा आधार. पण इथेही त्याची यंत्रे एकामागून एक मोडून नदीत फेकली गेली. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री नवे यंत्र काठावरच्या दगडी गोदामात ठेवले असताना जमावाने वेढा दिला, छपराला आग लावण्यासाठी शिडी लावली आणि ती शिडी हटवायला बाहेर आलेल्या लव्हजॉयला गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी त्याचा पस्तिसावा वाढदिवस होता. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा विल्यम क्लार्क त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, १ सप्टेंबर १८३८ रोजी, सेंट लुईसमध्ये वारला. लव्हजॉयचे साधे थडगे स्तंभापासून थोड्या अंतरावर आहे. स्तंभ पाहून परत फिरणाऱ्यांना ते दिसत नाही, म्हणून मुद्दाम शोधावे.

गुलामगिरीतून पळालेल्या लोकांना आश्रय देणाऱ्या काही जागा ऑल्टन आणि शेजारच्या गॉडफ्री परिसरात आहेत. त्यांची मार्गदर्शित फेरी ठरावीक दिवशी असते, ती मिळाली तर घ्यावी. संगीताची आवड असणाऱ्यांसाठी थर्ड स्ट्रीटवर जॅझ वादक माइल्स डेव्हिसचा पुतळा आहे. तो १९२६ मध्ये याच गावात जन्मला. मुलांसाठी कॉलेज ॲव्हेन्यूवर रॉबर्ट वॉडलो याचा पूर्णाकृती पुतळा. ८ फूट ११ इंच उंचीचा हा माणूस वैद्यकीय नोंदींनुसार आजवरचा सर्वांत उंच मनुष्य मानला जातो. अवघ्या २२ व्या वर्षी, १९४० मध्ये, तो गेला.

वेळ उरला तर

गावाच्या वरच्या अंगाला, राज्यमार्ग १०० नदी आणि चुनखडीचे कडे यांच्या मधून जातो. एका कड्यावर पायासा या अक्राळविक्राळ पक्ष्याचे मोठे चित्र रंगवलेले आहे. १६७३ मध्ये मार्केत आणि जोलिएत हे फ्रेंच प्रवासी होड्यांतून खाली येताना त्यांनी इथल्या कड्यावर मूळ रहिवाशांनी काढलेली भयंकर चित्रे पाहिली होती. मार्केतच्या वर्णनात शिंगे आहेत, दाढी आहे, खवले आहेत, अंगाभोवती फिरून माशासारखी संपणारी शेपूट आहे, पण पंख नाहीत. मूळ चित्र एकोणिसाव्या शतकात दगडाच्या खाणीत नष्ट झाले. माणसे खाणाऱ्या पक्ष्याची जी दंतकथा फलकावर वाचायला मिळते ती १८३६ मध्ये जॉन रसेल या लेखकाने रचली. याच रस्त्याने पुढे एल्सा हे दगडी घरांचे छोटे गाव, इलिनॉय नदीच्या मुखावरचे ग्राफ्टन आणि मार्केतच्याच नावाचे राज्य उद्यान लागते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानगळीच्या रंगांसाठी इथे गर्दी होते, तेव्हा शनिवार टाळावा.

कोणत्या ऋतूत जावे हेही ठरवून घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि दमटपणा मुंबईची आठवण करून देईल. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला नदीची पातळी पाहिल्याशिवाय निघू नये, कारण पुरात नदीकाठचे रस्ते बंद होतात. १९९३ च्या महापुरात तर गावाचे पाणीपुरवठा केंद्रच पाण्याखाली जाऊन नळ कोरडे पडले होते, आणि नवा पूल तेव्हा अजून बांधून व्हायचा होता. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडचे पाणी गोठले की पांढऱ्या डोक्याचे गरुड मासे पकडण्यासाठी धरणाखालच्या वाहत्या पाण्यावर येतात. त्या दिवसांत जाणार असाल तर वर दिलेला क्रम बदलावा. सकाळी लवकर लुईस पुलावरून वेस्ट ऑल्टनच्या रिव्हरलँड्स पक्षी अभयारण्यात पोहोचावे, दुर्बीण, हातमोजे आणि गरम चहाचा थर्मास बरोबर ठेवावा, पक्षी पाहून झाल्यावर क्लार्क पुलाने ऑल्टनमध्ये यावे आणि हार्टफर्डचा तळ दुपारसाठी ठेवावा.